सौरप्रकल्पास जमीन भाडेपट्ट्याने देताना

प्रश्न : साक्री तालुक्यात आमची चार एकर वडिलोपार्जित, मुरमाड जमीन असून सातबाऱ्यावर आम्हा तिघा भावांची नावे आहेत. एक खासगी कंपनी सौरप्रकल्पासाठी ती ३० वर्षांच्या कराराने मागते. सरकारचेच उत्तेजन असल्याने चिंता नको, असे तिचे प्रतिनिधी सांगतात. जमीन द्यावी काय?
— एक वाचक, जि. धुळे

उत्तर : उत्तेजन आहे हे खरे; परंतु ते भांडवल गुंतविणारास आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. २००३ च्या वीज कायद्याने वीजनिर्मितीस परवान्याची अट उरली नाही, आणि आपल्याच तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांच्या रूपाने खासगी भांडवल यापूर्वीच अवतरले आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत महावितरण ठरलेल्या दराने २५ वर्षे वीज विकत घेते; त्यामुळे कंपनीचे उत्पन्न निश्चित होते व बँकही निःशंकपणे कर्ज देते. जमीनमालकास असा आधार एकच, तो म्हणजे त्याचा दस्त.

म्हणून वीज कोणास विकली जाणार, हे आधी लेखी विचारावे. २०२३ च्या ‘योजना २.०’मध्ये जमिनीस हेक्टरी किमान १,२५,००० रुपये वार्षिक भाडे व त्यावर दरवर्षी ३ टक्के वाढ आहे. म्हणजे तुमच्या क्षेत्रास आरंभी सुमारे दोन लाख रुपये. कंपनी परस्पर एखाद्या कारखान्यास वीज विकणार असेल, तर हा दर तिच्यावर बंधनकारक नाही, तथापि घासाघीस करताना तो प्रमाण मानावा.

वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदविणे आवश्यक असते. नुसत्या नोटरीवर विसंबू नये. तिघांच्याही सह्या हव्यात. जमीन भोगवटादार वर्ग २ ची किंवा आदिवासी खातेदाराची असल्यास आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागेल, याची खातरजमा तलाठ्याकडे करावी. भाडे प्रकल्प सुरू झाल्यापासून नव्हे, तर ताबा दिल्यापासून चालू व्हावे. मुदत संपताच किंवा भाडे थकल्यास कंपनीने स्वखर्चाने पाया उखडून जमीन मोकळी करावी. आणि कर्जासाठी तिने आपला भाडेपट्ट्याचा हक्क खुशाल तारण ठेवावा, पण तुमच्या मालकीवर बोजा चढवू नये, ही कलमे स्पष्ट लिहून घ्यावीत. सर्वाधिकाराचे मुखत्यारपत्र मुळीच देऊ नये. हे भाडे शेतीउत्पन्नात मोडत नसल्याने त्यावर आयकराचा हिशेबही धरावा.

या अटी मान्य असतील तर मुरमाड जमीन देण्यास हरकत नाही. मान्य नसतील, तर इसारादाखल एक रुपयाही घेऊ नये.