औषध लावूनही पिसवा का जात नाहीत?

पावसाळा सुरू झाला की प्राण्यांच्या दवाखान्यात ही तक्रार हमखास येते : ‘डॉक्टर, औषध लावून पंधरा दिवस झाले, तरी कुत्रं खाजवतंच आहे. औषध बोगस होतं का?’ बहुतेक वेळा औषध ठीक असतं. अंगावरच्या पिसवा मेलेल्याही असतात. नव्या येतात त्या तुमच्याच घरातून.

प्राण्याच्या अंगावर दिसतात त्या फक्त मोठ्या झालेल्या पिसवा. एकूण पिसवांच्या मानाने त्या शंभरात जेमतेम पाच. बाकीच्या अंडी, अळी आणि कोष या रूपांत सोफ्याखाली, पायपुसण्यात, फरशीच्या फटीत, कुत्रं झोपतं त्या गोधडीत असतात. रक्त प्यायल्यावर एक-दोन दिवसांत मादी अंडी घालू लागते, रोज 40-50 पर्यंत. अंडी गुळगुळीत असल्यामुळे केसांत टिकत नाहीत, प्राणी जिथे बसेल तिथे गळून पडतात. अळीला उजेड नको असतो, ओलावा मात्र हवा असतो. म्हणून आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही आठवडे उपद्रव वाढतो.

खरी अडचण कोषाची आहे. त्याच्या चिकट धाग्यांवर धूळ बसते आणि फवारणीचं औषध आत पोचत नाही. आतली पिसू काही महिनेसुद्धा थांबून राहते. पावलांची हालचाल, अंगाची ऊब, श्वास यांची चाहूल लागली की ती बाहेर येते. सुट्टीत बंद राहिलेल्या घरात शिरताक्षणी पायांना पिसवा डसतात, त्याचं कारण हेच.

म्हणून माझा आग्रह एवढाच, की उपचार किमान तीन महिने चालू ठेवा आणि घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला द्या, खाजवत नसेल त्यालाही. एकालाच औषध दिलं तर दुसऱ्याच्या अंगावर पिसवा अंडी घालत राहतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पुन्हा पिसवा दिसल्या म्हणून घाबरू नका. त्या जुन्या कोषांतून निघालेल्या असतात आणि औषधाचा असर असलेल्या अंगावर आल्या की मरतात. लोक नेमके याच वेळी कंटाळून औषध सोडतात.

पिसवा आहेत की नाहीत याबद्दल शंका असेल तर प्राण्याला पांढऱ्या कागदावर उभं करून शेपटीच्या बुडाशी बारीक दातांची फणी फिरवा. काळे कण पडले तर त्यांवर ओला कापूस टेकवा. कणाभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे तुमच्या प्राण्याचंच पचलेलं रक्त. साध्या मातीचा असा डाग पडत नाही. काही कुत्र्यांना पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असते. मोजक्या चाव्यांनीही त्यांच्या कमरेवरचे केस झडतात आणि कातडी सोलवटते. अगदी लहान पिल्लांच्या हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, पिसवा त्यांचं रक्त धोकादायक इतकं कमी करू शकतात. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर ते पट्टकृमीचे. प्राणी अंग चाटताना पिसू गिळतो आणि हा जंत पोटात जातो. अशा वेळी जंताचं औषधही द्यावं लागतं.

मानेवर टाकायचं औषध केस बाजूला सारून थेट कातडीवर टाका. नुसतं केसांवर ओघळलं तर वाया जातं. आधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको. मात्रा वजनावर ठरते, तेव्हा अंदाजाने देऊ नका. गोळी द्यायची असेल आणि प्राण्याला कधी झटके आले असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

घरात पांघरुणं आठवड्यातून एकदा कडक गरम पाण्यात धुवा आणि उन्हात वाळवा. व्हॅक्युम क्लीनर असेल तर फर्निचर सरकवून खालून फिरवा. त्याच्या हादऱ्याने कोषातल्या पिसवा बाहेर येतात, तोही फायदाच. जमलेला कचरा लगेच बंद पिशवीत घालून घराबाहेर टाका. व्हॅक्युम नसेल तर रोज कोपरे झाडून पुसून घ्या. गोठ्यात किंवा अंगणात कुत्रं जिथे सावलीला बसतं, ती जागा विसरू नका.

रॉकेल, फिनेल किंवा शेतातल्या फवारणीचं औषध प्राण्याला चोळू नका. लसूणही खाऊ घालू नका, कुत्र्या-मांजराला ती विषारी आहे.

सगळ्यात कळकळीची विनंती मांजर पाळणाऱ्यांना. कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका, थोडंसंसुद्धा नाही. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. त्याने मांजराला कंप सुटतो, झटके येतात आणि जीवही जातो. चुकून लागलंच तर वाट न पाहता मांजराला तडक दवाखान्यात न्या आणि औषधाचं पाकीट सोबत ठेवा.