फुकटचे पुस्तकही पारखून घ्या : अर्थशास्त्र, विज्ञान व तंत्रज्ञानाचे मोफत ई-ग्रंथ

जून महिना आला की कॉलेजात जाणाऱ्या मुलांच्या घरी दोन खर्च एकदमच दाराशी येतात : प्रवेशाची फी आणि पुस्तके. फी कशीबशी भरली जाते, प्रसंगी उसनवारीही होते. कात्री लागते ती पुस्तकांना. मग वर्षभर गाइड आणि दुसऱ्याच्या वह्या यांवर काम भागवले जाते. परीक्षा निघून जाते, पण विषय कच्चा राहतो, आणि पाया कच्चा राहिलेला मुलगा पुढच्या वर्षात गळतो. वास्तविक पदवीला लागणारी कित्येक चांगली पुस्तके आज इंटरनेटवर कायदेशीरपणे, एक पैसाही न देता मिळतात. घरात एक स्मार्टफोन असला तरी काम होते. ही पुस्तके कोठे मिळतात आणि त्यांची पारख कशी करावी, याची माहिती वाचकांच्या सोयीसाठी येथे देत आहोत.

'मोफत'चे तीन प्रकार

पहिला प्रकार म्हणजे लेखकाने किंवा प्रकाशकाने स्वतः होऊन सर्वांसाठी खुले केलेले पुस्तक. दुसरा प्रकार म्हणजे ज्याच्या स्वामित्वहक्काची मुदत संपली आहे असे जुने पुस्तक. तिसरा प्रकार म्हणजे मालकाला न विचारता कोणीतरी स्कॅन करून चढवलेले पुस्तक. मोबाइलवरील ग्रुपमधून फिरणाऱ्या बऱ्याच फायली या तिसऱ्या प्रकारच्या असतात, आणि कधीकधी त्यांचे वर पैसेही उकळले जातात. तो माल दुसऱ्याचा आहे हे तर झालेच. शिवाय त्यात पाने गहाळ असतात, आवृत्ती जुनी असते आणि फायलीबरोबर संगणकाला उपद्रव देणारे काही येण्याचा धोकाही असतो. अशी पुस्तके छापून विकणे हा १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. पहिल्या दोन प्रकारांत एवढा साठा पडून आहे की तिसऱ्याकडे वळण्याची गरज सहसा भासत नाही.

अर्थशास्त्र

अमेरिकेतील ह्यूस्टन शहरातल्या राइस विद्यापीठाने २०१२ साली 'ओपनस्टॅक्स' हा उपक्रम सुरू केला. पदवीची पाठ्यपुस्तके प्राध्यापकांकडून लिहून घ्यायची आणि ती सर्वांना मोफत द्यायची, असे त्याचे स्वरूप आहे. त्यांचे 'प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स' हे पुस्तक बी.कॉम. आणि बी.ए.च्या पहिल्या वर्षाला फार उपयोगी आहे. २०२२ साली त्याची तिसरी आवृत्ती निघाली. मागणी-पुरवठ्याचे तिसरे प्रकरण आणि लवचीकतेचे पाचवे प्रकरण तर दुकानात बसणाऱ्याने सुद्धा वाचावे असे आहे. भाव वाढवला तर गिऱ्हाईक किती तुटेल, हाच प्रश्न तेथे शास्त्रशुद्ध रीतीने मांडला आहे.

दुसरे पुस्तक म्हणजे 'कोअर इकॉन' या गटाचे 'द इकॉनॉमी'. २००८ च्या आर्थिक संकटानंतर अर्थशास्त्र शिकवण्याची पद्धत बदलली पाहिजे, असे वाटणाऱ्या प्राध्यापकांनी ते तयार केले असून ते इंटरनेटवर मोफत वाचता येते.

मात्र ही पुस्तके परदेशी आहेत, हे ध्यानात ठेवावे. सिद्धान्त त्यांतून घ्यावा आणि आकडे आपल्या देशाचे घ्यावेत. ते रिझर्व्ह बँकेच्या दरवर्षीच्या आकडेवारीच्या हँडबुकात आणि केंद्र सरकारच्या आर्थिक पाहणी अहवालात मिळतात. दोन्ही मोफत आहेत.

जुन्या ग्रंथांचे गणित असे आहे : भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क राहतो, आणि ही मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून होते. केन्स १९४६ साली वारले. म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेल्या ग्रंथांवरील हक्क भारतात २००६ अखेर संपला. धनंजयराव गाडगीळ १९७१ साली वारले. त्यांच्या पुस्तकांवरील हक्क २०३१ अखेरपर्यंत आहे. परदेशात ही मुदत निराळी असते, म्हणून एका देशात खुले असलेले पुस्तक दुसऱ्या देशात खुले असेलच असे नाही.

ॲडम स्मिथ यांचा १७७६ चा 'वेल्थ ऑफ नेशन्स' हा ग्रंथ 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग'वर आहे. मायकेल हार्ट यांनी १९७१ साली सुरू केलेला हा उपक्रम ई-पुस्तकांच्या जगात सर्वांत जुना मानला जातो. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा १९२३ चा ग्रंथ घ्यावा. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या सहाव्या खंडात तो असून हे खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. रुपयाची किंमत का घसरते, हे समजून घेऊ इच्छिणाऱ्याने तो अवश्य चाळावा.

विज्ञान

ओपनस्टॅक्सचे 'युनिव्हर्सिटी फिजिक्स' तीन खंडांत आहे. रसायन, जीवशास्त्र, संख्याशास्त्र आणि कॅल्क्युलसचीही पुस्तके तेथे आहेत. कॅलिफोर्नियातील 'लिब्रेटेक्स्ट्स' या संग्रहात रसायनशास्त्राचा भाग विशेष समृद्ध आहे. त्याची सुरुवातच रसायनापासून झाली. पदव्युत्तर विद्यार्थ्याने 'डिरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस बुक्स' ही सूची पाहावी. विद्वानांनी तपासलेल्या हजारो खुल्या ग्रंथांची नोंद तीत आहे.

तंत्रज्ञान

आय.आय.टी. आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ साली 'एनपीटीईएल' सुरू केले. तेथील व्याख्याने ऐकणे मोफत आहे. फी लागते ती प्रमाणपत्राच्या परीक्षेला. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावे की सूत, विणाई आणि कापडावरील प्रक्रिया या विषयांवर दिल्ली आय.आय.टी.च्या प्राध्यापकांची व्याख्याने तेथे आहेत. ज्यांच्या घरी लूम पिढ्यानपिढ्या चालतो, त्यांच्या मुलांना त्याचे शास्त्र घरबसल्या शिकता येते.

भाषेची अडचण

मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या मुलाला सातशे पानांचे इंग्रजी पुस्तक दिले तर तो घाबरून मिटून ठेवील. त्याने पायरीपायरीने जावे. आधी त्याच विषयाचे अकरावी-बारावीचे पुस्तक आपल्या भाषेत वाचावे. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात मिळतात, तर एन.सी.ई.आर.टी.ची इंग्रजी, हिंदी आणि उर्दूत मिळतात. त्यानंतर इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या 'ई-ज्ञानकोश'वरील छोटे पाठ घ्यावेत. ते एकट्याने अभ्यास करणाऱ्यासाठीच लिहिलेले आहेत. मग मोठ्या इंग्रजी ग्रंथाला हात घालावा. अभियांत्रिकीच्या पदवी व पदविकेच्या विद्यार्थ्यांसाठी ए.आय.सी.टी.ई.ने 'ई-कुंभ' या संकेतस्थळावर मराठी व उर्दूसह अनेक भारतीय भाषांत पुस्तके ठेवली आहेत. ही गोष्ट पुष्कळ पालकांच्या कानावरच गेलेली नाही.

परवाना कसा वाचावा

कापड घेताना आपण आधी काठावरचा शिक्का पाहतो. तसे ई-पुस्तक उघडताच सुरुवातीचे हक्कांचे पान पाहावे. तेथे 'क्रिएटिव्ह कॉमन्स' असे लिहिलेले असेल तर पुढची अक्षरे वाचावीत. 'बीवाय' म्हणजे मूळ लेखकाचे नाव द्यावे. 'एनसी' म्हणजे व्यापारासाठी वापरू नये. 'एनडी' म्हणजे फेरफार करून ते पुढे देऊ नये. 'एसए' म्हणजे त्यात भर घालून पुढे दिले तर तेही याच अटीवर द्यावे.

झेरॉक्सवाले आणि क्लासचालक यांच्या दृष्टीने हा फरक धंद्याचा आहे. नुसते 'बीवाय' असलेले पुस्तक नाव देऊन, छापून, बांधून रास्त भावात विकता येते. 'एनसी' असेल तर विकता येत नाही. एन.सी.ई.आर.टी.चे पुस्तक वाचायला मोफत असले तरी परवानगीशिवाय छापून विकण्यास मुभा नाही. ओपनस्टॅक्सच्या सर्व पुस्तकांचा परवाना सारखा नाही. म्हणून प्रत्येक पुस्तकाचे पान स्वतंत्रपणे पाहावे.

शोध कसा घ्यावा

पुस्तकाचे नाव टाकून त्यापुढे 'फ्री पीडीएफ' लिहू नये. त्याने बहुधा तिसऱ्या प्रकारचाच माल पुढे येतो. त्याऐवजी विषयाचे नाव इंग्रजीत लिहून पुढे 'ओपन टेक्स्टबुक' किंवा 'ओपन ॲक्सेस बुक' असे लिहावे. पुस्तक सापडले की चार गोष्टी तपासाव्यात : प्रकाशक कोण, आवृत्ती कोणत्या सालची, परवाना कोणता आणि आपल्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाशी प्रकरणे किती जुळतात. खरे मोफत संकेतस्थळ पुस्तकासाठी बँकेचा किंवा कार्डाचा नंबर मागत नाही. मागितला, तर तेथून परत फिरावे.

शेवटी पालकांना एक सूचना. मुलाच्या अभ्यासक्रमाचा कागद समोर घेऊन प्रत्येक विषयापुढे एक खुले पुस्तक लिहून ठेवावे आणि ते घरातल्या फोनवर उतरवून घ्यावे. एकदा उतरवले की पुन्हा नेट लागत नाही. डोळ्यांना त्रास होत असेल तर संपूर्ण ग्रंथ न छापता तेवढे प्रकरण छापावे. मोहल्ल्यातल्या वाचनालयाने हीच यादी फळ्यावर लावली, तर शेजारच्या दहा घरांचा खर्च वाचेल. आणि जे पुस्तक खुले मिळत नाही, त्यासाठी वाचलेल्या पैशातून ते रीतसर विकत घ्यावे.