प्रलयाच्या कथा आणि मणिबेली



जगबुडीचे चित्रपट आपल्या तरुणांना फार आवडतात. 'मुलांना असले काही पाहू द्यावे का?' असे पालक विचारतात. माझ्या मते जरूर पाहू द्यावे. पण घरी बसून त्यावर दोन प्रश्न विचारावेत. हा प्रलय कोणी आणला? आणि नावेत जागा कोणाला मिळाली?

२००९ साली आलेला '२०१२' हा चित्रपट घ्या. त्यात जग बुडण्याआधी प्रचंड जहाजे बांधली जातात आणि जागा विकल्या जातात, एकेक अब्ज युरोला! संकटाची चाहूल प्रथम लागते ती एका भारतीय शास्त्रज्ञाला. त्याला न्यायला मात्र विमान येतच नाही. प्रेक्षक लाटा पाहून थक्क होतात. विचार करावा तो या शास्त्रज्ञाचा.

आता उत्पत्तीच्या पुस्तकातील सहा ते नऊ हे अध्याय वाचा. नोहाच्या तारवात तिकीट नव्हते. पशुपक्ष्यांनाही तेथे जागा होती. शेवटी देव सर्व सजीवांशी करार करतो आणि जलप्रलयाने पुन्हा सृष्टीचा नाश करणार नाही असे वचन देतो.

मग मणिबेलीत पाणी कोठून आले? नर्मदाकाठचे, अक्कलकुवा तालुक्यातील हे आदिवासी गाव तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा १९९८ साली झाला. सरदार सरोवर धरणामुळे बाधित झालेल्या महाराष्ट्रातील ३३ गावांपैकी हे पहिले. बुडालो तरी हलणार नाही, असा निर्धार करून लोक बसले होते. १९९३ च्या पावसाळ्यात घरे पाण्याखाली गेली. हा प्रलय अचानक आला नव्हता. धरणाची उंची लवादाने १९७९ सालीच ठरवली होती. पुढे याच पाण्याने कच्छ-सौराष्ट्राची तहान भागवली, हेही खरे. पण एकाची तहान भागवताना दुसऱ्याचे घर बुडत असेल, तर त्याला आधी तारवात घ्यायला नको का? पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसणाऱ्या अनेकांकडे कागद नव्हता आणि पुनर्वसनाच्या यादीत नाव यायला कागदच लागत होता.

विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' (१९९१) ही कादंबरी धरणग्रस्तांचीच आहे. आकाशातून उल्का न पडताही माणसाचे जग कसे संपते, हे तिच्यात दिसते. माझ्या मते मराठीतील खरी प्रलयकथा हीच.

बायबलमधील शेवटच्या पुस्तकाचे नाव 'प्रकटीकरण', म्हणजे पडदा दूर करणे. रोमन सत्तेखाली जगणाऱ्या सात ख्रिस्तसभांना धीर देण्यासाठी ते लिहिले गेले. अठराव्या अध्यायात बाबिलोनच्या व्यापाऱ्यांच्या मालाची यादी आहे. ती सोन्याने सुरू होते आणि माणसांच्या जिवापाशी संपते! योहान आपल्याला घाबरवत नाही, तो डोळे उघडतो. जी कथा केवळ भीती देते ती करमणूक; जी बुडणाऱ्याचा चेहरा दाखवते ती शिकवण.

कुटुंबात चर्चेसाठी:
१. अलीकडे पाहिलेल्या संकटपटात प्रथम कोण मरतो? गरीब की श्रीमंत?
२. आपल्या नळाचे पाणी कोणत्या धरणातून येते? तेथील लोक आज कोठे आहेत?
३. आपल्या धर्मग्रामात बाहेरून विस्थापित होऊन आलेले कोणी आहे का? त्यांना आपण कधी घरी बोलावले आहे का?