उभी गाडी कशी लागते?

काही वर्षांपूर्वीच्या पौषातली गोष्ट आहे. नाशिकरोडचे एक कुटुंब सप्तशृंगी गडावर जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दवाखान्यात आले. आजी, सून आणि दोन नातवंडे. चौघांचीही तक्रार एकच : डोके दुखते, मळमळते. धाकट्या मुलीला वाटेत दोनदा उलटी झाली होती. गाडी चालवणारा मुलगा मात्र ठणठणीत होता. गडाचा वळणावळणाचा रस्ता, पोटात भजी आणि चहा. मी हसून म्हणालो, "गाडी लागली." उलटीच्या गोळ्या लिहून दिल्या आणि विषय संपवला.

दोन आठवड्यांनी निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी हेच कुटुंब त्याच गाडीने त्र्यंबकला गेले. परतताना गर्दीत गाड्यांची रांग लागली. थंडी कडाक्याची, म्हणून काचा बंद. बॅटरी कमजोर, म्हणून इंजिन चालूच. मुलगा खाली उतरून रांग कधी हलते ते पाहत उभा राहिला. रात्री दहा वाजता त्याने सात वर्षांच्या मुलीला खांद्यावर टाकून माझ्या दवाखान्यात आणले. हाक मारली तर ती फक्त कण्हत होती. बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा आला ९८. नाडी जलद, ताप नाही. मी गोंधळात पडलो. तेवढ्यात आजी कपाळ दाबत म्हणाल्या, "अहो डॉक्टर, मागच्या वेळी तुम्ही म्हणालात गाडी लागली. आज तर गाडी दोन तास एका जागी उभी होती. उभी गाडी कशी लागते?"

त्या प्रश्नाने माझे डोळे उघडले. मुलीला लगेच प्राणवायू सुरू केला आणि मोठ्या रुग्णालयात हलवले. आजी आणि सुनेलाही सोबत पाठवले. रक्ताच्या तपासणीत संशय खरा ठरला : कार्बन मोनॉक्साईडची विषबाधा. मुलगी वाचली. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने गाडी वर उचलली, तेव्हा पुढच्या सीटखालच्या इंजिनातून निघालेला धुराचा पाईप सांध्याजवळ फुटलेला दिसला. वर्षभरापूर्वी तिथे पुटी लावून पत्रा गुंडाळला होता. त्याच्या बरोबर वर तळाच्या पत्र्याला गंजून भोक पडले होते.

हा वायू करतो तरी काय?

पेट्रोल, डिझेल, गॅस, कोळसा किंवा लाकूड अर्धवट जळाले की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. धुराचा जो वास येतो तो इतर घटकांचा. म्हणून "वास येत नाही, म्हणजे धोका नाही" हा हिशेब चुकीचा आहे.

आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन फुप्फुसांतून प्राणवायू उचलून शरीरभर पोहोचवते. कार्बन मोनॉक्साईड या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे ते अडीचशे पट घट्ट चिकटतो. जागा त्याने अडवली की प्राणवायूला बसायला जागा उरत नाही, आणि बसलेला प्राणवायूही पेशींना सहजी सुटत नाही. मेंदू आणि हृदय यांची उपासमार आधी होते. मुले, गरोदर स्त्रिया, हृदयरोगी आणि वृद्ध यांना धोका अधिक.

करोनानंतर घरोघरी ऑक्सिमीटर आले आहेत, म्हणून एक इशारा. साधा ऑक्सिमीटर प्राणवायूने भरलेले आणि या विषाने भरलेले हिमोग्लोबिन यांत फरक करू शकत नाही. तो ९८ दाखवतो आणि माणूस बेशुद्ध पडत असतो. मीही त्या आकड्यावर विसंबणारच होतो.

पीयूसी आहे, मग चिंता कसली?

हा प्रश्न त्या मुलानेही विचारला. पीयूसीची नळी सायलेन्सरच्या शेवटच्या तोंडात घालतात. मधला पाईप कुठे गळतो, ते त्यात पाहिले जात नाही. शिवाय १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी जुन्या चारचाकी पेट्रोल गाड्यांना उभ्या इंजिनाच्या धुरात ३ टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साईडची मुभा दिली होती. असा धूर तीसपट हवेत मिसळला तरी हवेत हजारात एक भाग विष राहते. तेवढ्यात माणूस तास-दोन तासांत बेशुद्ध पडू शकतो. रस्त्यावर हा धूर पांगतो, बंद गाडीत साठतो. डिझेलच्या धुरात हे प्रमाण कमी असते, पण धोका शून्य नसतो. गॅसवर चालणारी गाडीही याला अपवाद नाही.

पाईप का गळतो?

इंधन जळताना पाण्याची वाफही होते. गाडी रोज दूध आणि भाजीपुरती दोन-तीन किलोमीटर फिरली, तर पाईप पुरेसा तापत नाही. वाफेचे पाणी सायलेन्सरच्या सखल भागात साचते आणि लोखंड आतून खाते. बाहेरून पाईप धड दिसतो, आत कागदाएवढा पत्रा उरलेला असतो. अशा पत्र्यावर ठिगळ लावले की ते काही महिन्यांत शेजारून फुटते. मिस्त्रीकडे काम देताना हा भेद लक्षात ठेवा :

१. इंजिनाजवळचे पॅकिंग जळले असेल, बोल्ट तुटला असेल, क्लॅम्प सैल असेल किंवा पाईप लटकवणारे रबर तुटले असेल, तर तेवढाच भाग बदलून काम होते.

२. पाईप किंवा सायलेन्सर गंजून भोक पडले असेल, तर तो भाग बदलाच. पुटी, गुंडाळलेला पत्रा किंवा दोरी ही फार तर गॅरेजपर्यंत पोहोचण्याची सोय आहे. तेवढ्या प्रवासातही काचा उघड्या ठेवा.

३. वेल्डिंग करायचेच असेल तर पाईप गाडीपासून सोडवून करावे. पेट्रोलची टाकी आणि नळी जवळच असते.

४. तळाच्या पत्र्याची भोके, निघालेली रबरी बुचे आणि मागच्या दाराचे फाटलेले रबर त्याच वेळी दुरुस्त करा. मागचे दार उघडे ठेवून गाडी कधीही चालवू नका. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि बाहेर पडलेला धूर फिरून आत ओढला जातो.

गळती ओळखण्याच्या साध्या खुणा : सकाळी गाडी सुरू करताना नेहमीपेक्षा मोठा फटफट आवाज, सांध्याभोवती काजळीचा काळा पट्टा, पायाखाली नको इतकी ऊब. तपासणी थंड इंजिनावर, उघड्या जागी करावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये.

पाण्यावरही तेच

मोटारबोटींनाही हा नियम चुकलेला नाही. जुन्या मोटारबोटींत इंजिन पोटात आणि माणसे वर कोंडलेल्या केबिनमध्ये. अनेक बोटींत धूर गार करण्यासाठी पाईपात समुद्राचेच पाणी सोडतात. गरम धूर आणि खारे पाणी एकत्र आले की लोखंडी बेंड आतून झिजतो आणि रबरी नळ्या चिरतात. तिथेही उपाय एकच : झिजलेला बेंड आणि चिरलेली नळी बदलायची. आणि उघड्या हवेचा भरवसा धरू नये. २००० साली अमेरिकेतील लेक पॉवेल या जलाशयात पोहणारी ८ आणि ११ वर्षांची दोन भावंडे हाऊसबोटीच्या मागच्या फळीखाली साठलेल्या जनरेटरच्या धुराने दगावली. गंगापूर धरणात असो वा मुंबईच्या गेटवेला, बोटीत मुलांना धुराच्या नळीजवळ बसवू नये.

काय करावे?

गाडीत, बोटीत, बंद न्हाणीघरातील गॅस गिझरजवळ किंवा शेगडीच्या खोलीत एकापेक्षा जास्त माणसांचे डोके दुखू लागले, गरगरू लागले, मळमळले, तर आधी सर्वांना मोकळ्या हवेत आणा. इंजिन बंद करा. १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना "धूर कोंडला होता" हे स्पष्ट सांगा. साध्या हवेत हे विष रक्तात निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध प्राणवायू दिल्यास एक ते दीड तास. म्हणून "आता बरे वाटते" म्हणून घरी झोपू नका. काही रुग्णांना दिवसांनी किंवा आठवड्यांनीही विस्मरण आणि चिडचिड सुरू होते. श्वास थांबला असेल, तर मदत येईपर्यंत कृत्रिम श्वास द्या.

वाचकहो, त्या घटनेपासून प्रवासानंतर डोके दुखते म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी तीन प्रश्न विचारतो. बरोबरच्यांनाही त्रास झाला का? बाहेर उतरल्यावर बरे वाटले का? गाडीचा आवाज बदलला आहे का? हे प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारले असते, तर त्या मुलीवर ती रात्र आली नसती. तुमची गाडी जुनी असेल, तर थंडीत काचा लावण्यापूर्वी एकदा ती वर उचलून धुराचा पाईप पाहून घ्या.