समुद्रांतील खडक व पाकोळीचें घरटें

शास्त्रपाठ : अनुवाद २२:६, ७, लूक १२:६

चौसाळ्यासारख्या बालाघाटावरील गांवीं राहणाऱ्या आमच्या पुष्कळ बंधुभगिनींनीं समुद्र पाहिलेला नाहीं. तथापि त्या समुद्रांतील एका ओसाड खडकापासून आपणां सर्वांस शिकण्यासारखें आहे, म्हणून तो धडा आज आम्ही मंडळ्यांपुढें ठेवितों.

सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील वेंगुर्ले बंदराच्या पश्चिमेस कांहीं कोसांवर खडकाळ बेटांचा एक पुंजका आहे. तेथें गांव नाहीं, शेत नाहीं; तारवांस सावध करण्याकरितां दीपगृह मात्र आहे. मनुष्यास निरुपयोगी वाटणारी ही जागा देवानें पाखरांस दिली आहे. सुरय नांवाचे समुद्रपक्षी तेथें अंडीं घालितात, आणि काळोख्या गुहांत पाकोळ्या राहतात. ही पाकोळी अंधारांत टकटक असा आवाज करिते व त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट ओळखते. आपल्या लाळेनें पिसें व काड्या चिकटवून ती कातळास वाटीसारखें घरटें जोडिते. पक्षिशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअली यांनीं १९४२ सालीं येथील पाखरांविषयीं लेख लिहिला.

परंतु परदेशांत ह्या लाळेच्या घरट्यांचें सार करून खातात व त्यास मोठी किंमत देतात. त्या लोभानें चोरांनीं घरटीं खरवडून नेलीं. अंडीं व पिलें नाश पावलीं. हा व्यापार २००१ सालीं उघडकीस आला. मग वनखातें व चिपळूणची सह्याद्रि निसर्ग मित्र ही संस्था यांनीं त्या गुहांच्या रक्षणाचें काम हातीं घेतलें.

आतां शास्त्रपाठ पाहा. वाटेंत घरटें आढळलें, तर पिलांसहित आईस धरूं नये, तिला सोडून द्यावें, अशी मोशेच्या द्वारें आज्ञा आहे; आणि ती पाळणाऱ्यास कल्याण व दीर्घायुष्य यांचें अभिवचन आहे. हेंच अभिवचन आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेसहि जोडिलेलें आहे (अनुवाद ५:१६). यावरून ही लहान आज्ञा देवाच्या दृष्टीनें हलकी नाहीं. तिनें भुकेल्याचें अन्न हिरावलें नाहीं. वंशच्छेद मात्र वर्ज्य केला. दुष्काळांतहि शहाणा कुणबी बियाण्यास हात लावीत नाहीं, तसेंच हें आहे.

आपल्या बीड जिल्ह्यांत पाटोदें तालुक्यांतील नायगांव येथें मोरांसाठीं अभयारण्य आहे. पण पाखरें सरकारी हद्द ओळखीत नाहींत. तीं आपल्या बांधावरहि अंडीं घालितात. तीं उचलण्यास सरकारचा कायदा मनाई करितो. तथापि ख्रिस्ती मनुष्य केवळ शिपायाच्या भयानें हात आवरीत नाहीं. कवडीमोलाच्या चिमणीचाहि देवास विसर पडत नाहीं, असें प्रभूनें सांगितलें. मग जेथें पाहणारा कोणी नाहीं तेथेंहि तो पाहतो.

उपदेशकांनीं मुलांस विचारावयाचे प्रश्न :

१. निर्जन खडकावरील चोरी कोणीं पाहिली?

२. आईस सोडून देण्याची आज्ञा कां दिली असावी?

३. ह्या आठवड्यांत आपल्या शेतांतील कोणतें घरटें आपण राखूं?