दुसरा बाण : अत्याचारग्रस्त वस्ती आणि मनाचे औषध

तथागत भगवान बुद्धांनी दुःख समजावताना दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. पहिला बाण शरीरात रुततो, दुसरा मनात. पहिल्याची जखम दिसते, म्हणून तिच्यावर मलमपट्टी होते. दुसऱ्याची दिसत नाही, म्हणून ती तशीच राहते. आपल्या मराठवाड्याच्या इतिहासात हे दोनदा घडले आहे.

दि. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि खेडोपाडी आपल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. घरे जळाली, लोक गाव सोडून पळाले. पुढे पंचनामे झाले, मदतीची रक्कम ठरली. पण रात्री दचकून उठणाऱ्या मुलाची नोंद कोणत्या पंचनाम्यात होणार? अशा आघातोत्तर विकाराला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या यादीत स्थान दिले तेच मुळी १९८० साली.

दि. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगावली. त्या वेळी मात्र मनोविकारतज्ज्ञ गावांत पोहोचले, भूकंपग्रस्तांच्या मनःस्थितीचा अभ्यास झाला. हे योग्यच झाले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच नांदेडला गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी आत्मदहन केले. दि. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. दरवर्षी आपण शहिदांना अभिवादन करतो. परंतु त्यांच्या मागे राहिलेल्यांच्या जवळ कोण बसले, हा प्रश्न आपण स्वतःलाही क्वचितच विचारतो. जमीन हादरली तर मन हादरते हे मान्य होते. मग शेजाऱ्याने घर पेटवले तर का होऊ नये?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार संघर्षग्रस्त प्रदेशात दर पाच माणसांत एकाला मानसिक आजार असतो. अशा प्रसंगी कशी मदत करावी याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २००७ साली तयार झाली. त्यांत चार पायऱ्या आहेत. पहिली, सुरक्षितता, अन्न व निवारा. दुसरी, कुटुंब आणि समाजाचा आधार. तिसरी, प्रशिक्षित कार्यकर्त्यांचे समुपदेशन. चौथी, तज्ज्ञ डॉक्टरांचे उपचार. म्हणजे सर्वांनाच गोळ्या लागत नाहीत. बहुतेकांना पहिल्या दोन पायऱ्याच सावरतात. पण गुन्हेगार गावात मोकळा फिरत असेल तर पहिली पायरीच खचते. म्हणून न्याय हेसुद्धा मनाचे औषध आहे.

आपल्याकडे पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे जुनी शासकीय मनोरुग्णालये आहेत. त्यांतले एकही मराठवाड्यात नाही. त्यामुळे "वेड्यांचे इस्पितळ" म्हणजे दूरची आणि लाजेची जागा, असा समज पक्का झाला. आता तसे राहिलेले नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून सुरू झाला. नांदेड व लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. २०२२ पासून १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

बँकेच्या खिडकीवर बसून मी अनुदानाच्या रकमा खात्यात जमा होताना पाहतो. रक्कम जमा होते, पण हरवलेली झोप जमा होत नाही. म्हणून संस्थेच्या कार्यकर्त्यांना व विद्यार्थ्यांना विनंती की, अत्याचाराची बातमी कळताच फिर्याद आणि निवेदन यांच्याबरोबर तिसरे कामही करावे. महिनाभर त्या घरी जात राहावे. बोलायला भाग पाडू नये, पण बोलले तर ऐकावे. महिन्यानंतरही झोप नसेल, प्रसंग डोळ्यांपुढून हटत नसेल, तर सोबत दवाखान्यात जावे. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा निघाली, तर मात्र एक दिवसही थांबू नये.

विपश्यना, वंदना यांनी मनाला बळ मिळते, यात शंका नाही. तथापि ती औषधाला पर्याय नव्हे. स्वतः भगवंतांनी जीवकाकडून उपचार करून घेतले आणि आजारी भिक्खूची सेवा ती माझीच सेवा, असे संघाला शिकवले. दुसरा बाण लागणे हा पीडिताचा दोष नव्हे. तो काढायला हात लावणे हे मात्र आपले कर्तव्य आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!