दम मोडला की शिवी

नामपूरला शाळेत खेळाचा शिक्षक होतो. मोसम नदीच्या काठावर पोरांना कबड्डी शिकवता शिकवता जे उमगलं ते असं.

1. शिवी आधी दम खाते. सटाण्याला तालुका स्पर्धेत, 17 वर्षांखालच्या गटात, आमचा चढाईला गेलेला पोरगा मध्यरेषेपासून वीतभरावर अडकला. घोटा पकडलेला, तरी हात सरकत होता. तेवढ्यात कुणीतरी मांडीला चिमटा काढला आणि 'कबड्डी'च्या जागी तोंडातून भलताच शब्द गेला. दम तुटला, शिट्टी वाजली. हात रेषेला लागला, पण नंतर. एका गुणाने हरलो. (आजोबांच्या काळी 'हुतुतू' म्हणायचे, त्यातही शिवीला जागा नव्हतीच.) तेव्हापासून मी शिव्यांवर भाषण देणं सोडलं. सरावात बाकीच्यांनी डिवचायचं, खोड्या काढायच्या आणि चढाई करणाऱ्याने 30 सेकंद 'कबड्डी' सोडायची नाही, हा रोजचा व्यायाम ठेवला. भाषणापेक्षा तो लवकर लागू पडला.

2. कार्डाचा हिशेब पोरांना पटतो. हिरवं म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे 2 मिनिटं बाहेर, लाल म्हणजे त्याच्यापुरता सामना संपला. एका तोंडापायी सहा जणांनी खेळायचं आणि त्यात सगळे बाद होऊन लोण चढला तर वरचे 2 गुण समोरच्याला.

3. घरची भाषा काढून घेऊ नये. आमच्या बागलाणात अहिराणीत बैलालाही शिवी आणि लाडक्या नातवालाही. एकदा पंचांना अहिराणी कळत नव्हती, तर पोरांनी पुरेपूर फायदा उठवला. मी गालात हसलो. पोरांनी ते पाहिलं, आणि पुढचे दोन महिने निस्तरत बसलो.

4. कांद्याचा भाव पडला की रेषेबाहेरचे पालक जास्त बोलतात. त्यांना गप्प करणं मला कधीच जमलं नाही.

5. बाद झालो तर आपणच हात वर करायचा, हे मी शिकवायचो. शेवटच्या वर्षी एकाने केला. स्पर्श पंचांनी पाहिला नव्हता, सामना आमच्या हातात होता. तो हात वर करून निमूट बाहेर गेला आणि मागून आमच्याच राखीव खेळाडूंनी त्याला आईवरून शिवी घातली. आधी कुणाकडे वळावं, मला कळेना. मग त्याच्याजवळ जाऊन पाण्याची बाटली दिली.